दातांचे बिल आणि विम्याचा भरवसा



आज मी आपल्याशी दातांविषयी बोलणार आहे. पण मी काही दातांचा डॉक्टर नव्हे. महाविद्यालयात मुलांना शिकवणारा मी एक साधा प्राध्यापक. त्यामुळे दात कसे घासावेत, मिसरी का लावू नये, हे आपल्याला सांगण्याचा अधिकार माझ्याकडे नाही. ते सांगणारी जाणती माणसे पुष्कळ आहेत. मला बोलायचे आहे ते दात दुरुस्त झाल्यावर आपल्या हातात पडणाऱ्या कागदाविषयी, म्हणजे बिलाविषयी. त्यातही एका विशिष्ट प्रसंगाविषयी. विमा आहे म्हणून आपण निर्धास्तपणे खुर्चीत बसतो, तोंड उघडतो, उपचार होतो, आणि मग महिन्याभराने विमा कंपनीचे पत्र येते की, आपला दावा मंजूर करता येत नाही. आता हे बिल कोणी भरायचे? डॉक्टरांनी सोडून द्यायचे, कंपनीशी भांडायचे, की आपण मुकाट्याने पैसे मोजायचे?

हा प्रश्न मी पुस्तकातून घेतलेला नाही. तो माझ्या स्वतःच्या दाढेतून निघालेला आहे.

आमचे माकणी हे गाव लोहारा तालुक्यात, तेरणेच्या काठी. निम्न तेरणेचे धरण आमच्या गावाजवळच आहे. तापाखोकल्याचे औषध गावात मिळते. पण दातासाठी आमच्याकडचे बरेच लोक लोहारा, उमरगा नाहीतर लातूर गाठतात. आणि तेही केव्हा? दुखणे रात्रीची झोप उडवू लागले म्हणजे. तोपर्यंत लवंग धरायची, मिठाच्या पाण्याची गुळणी करायची आणि दिवस ढकलायचे. मीही तेच केले. शेवटी गाल सुजला तेव्हा जवळच्या शहरातल्या एका दवाखान्यात गेलो.

डॉक्टरांनी तपासून सांगितले की, दोन दाढांचे रूट कॅनाल करावे लागेल आणि वर कॅप बसवावी लागेल. मी खिशातून विम्याचे कार्ड काढले. आमच्या संस्थेने नोकरदारांसाठी सामूहिक आरोग्य विमा घेतलेला आहे आणि त्याचा हप्ता दरसाल आमच्या पगारातून कापला जातो. मी काउंटरवरच्या मुलीला विचारले, "हे चालेल ना?" तिने कार्ड उलटसुलट पाहिले आणि म्हणाली, "चालेल, सर." झाले. एवढ्या एका शब्दावर मी खुर्चीत बसलो. तीन-चार खेपांत काम पुरे झाले. बिल झाले १७,६०० रुपये. डॉक्टरांनी कागद कंपनीकडे पाठवले आणि पैसे तिकडून येईपर्यंत थांबण्याचे कबूल केले.

पैसे आले नाहीत, पत्र आले. दातांचा उपचार हा अपघातामुळे करावा लागला असेल आणि त्यासाठी रुग्णालयात दाखल व्हावे लागले असेल, तरच तो आपल्या पॉलिसीत बसतो. सबब दावा नामंजूर.

मी तडक दवाखान्यात गेलो आणि डॉक्टरांना म्हणालो, "तुमच्याच माणसांनी चालेल म्हणून सांगितले होते. आता हे पैसे मी का द्यावेत?" डॉक्टर शांतपणे म्हणाले, "सर, मी तुमचा दात पाहिला. पॉलिसी तर तुमच्याजवळ होती." श्रोतेहो, त्या पॉलिसीचे पुस्तक माझ्या कपाटात तीन वर्षे पडून होते. मी एम. ए. झालेला माणूस; पण त्याचे एक पानही मी उघडून पाहिले नव्हते.

तरीही माझा राग गेला नव्हता. संध्याकाळी घरी येऊन थोरल्या बंधूंना सगळे सांगितले. ते शेती पाहतात. सगळे ऐकून घेऊन ते म्हणाले, "आरं, वीस सालच्या पावसात आपलं सोयाबीन भिजून गेलं. इमा काय लगेच मिळाला नाही. तवा बी-बियाण्याच्या दुकानदारानं आपली उधारी सोडली होती का?"

मी म्हटले, "नाही."

"मग त्या डॉक्टरनं का सोडावी?"

माझ्याकडे उत्तर नव्हते. आजच्या माझ्या भाषणाचे सार खरे म्हणजे या एका प्रश्नात आले आहे.

आपल्या जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांना २०२० सालचा खरीप आठवत असेल. ऑक्टोबरातल्या अतिवृष्टीने काढलेले आणि उभे सोयाबीन पाण्यात गेले. नुकसानीची सूचना ७२ तासांच्या आत दिली नाही, या कारणावरून हजारो लोकांचा पीकविमा अडला. प्रकरण उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापर्यंत गेले आणि मे २०२२ मध्ये साडेतीन लाखांवर शेतकऱ्यांच्या बाजूने निकाल लागला. आता या गोष्टीत दोन धडे आहेत. निकाल लागेपर्यंत बँकेचे कर्ज, दुकानाची उधारी, मळणीवाल्याची मजुरी ही शेतकऱ्याच्याच डोक्यावर होती. विमा अडला म्हणून ती कोणी माफ केली नाही. हा पहिला धडा. आणि कंपनीने 'नाही' म्हटले म्हणजे तो काही शेवटचा शब्द नव्हे. नेटाने मागितले तर हक्काचे मिळू शकते. हा दुसरा. दातांच्या बिलाला हे दोन्ही धडे जसेच्या तसे लागू पडतात.

हे असे का, ते जरा उलगडून पाहू. आपण दवाखान्यात जातो तेव्हा खरे तर दोन वेगवेगळे करार असतात. एक करार आपला आणि डॉक्टरांचा. त्यांनी उपचार करायचा, आपण मोबदला द्यायचा. दुसरा करार आपला आणि विमा कंपनीचा. आपण हप्ता भरायचा, आणि पॉलिसीत लिहिलेल्या अटींत बसेल तेवढा खर्च कंपनीने उचलायचा. या दोन्ही करारांत समान असलेला माणूस एकच, तो म्हणजे आपण. दुसरा करार मोडला म्हणून पहिला आपोआप मोडत नाही. १८७२ सालचा आपला करार कायदा तर याहून पुढे जातो. त्याच्या ७० व्या कलमाचा आशय असा की, फुकट करण्याचा हेतू नसताना एकाने कायदेशीरपणे दुसऱ्यासाठी काम केले आणि दुसऱ्याने त्याचा लाभ घेतला, तर लाभ घेणाऱ्याने त्याची भरपाई केली पाहिजे. कॅप माझ्या दाढेवर बसली आहे. भाकरी मी चावतो आहे. मग मोबदला कोणी द्यायचा, हे सांगायला वकील लागत नाही.

आता कोणी म्हणेल, "कॅशलेस म्हणतात ते काय?" कॅशलेस याचा अर्थ फुकट असा नव्हे. कंपनी आपल्या वतीने परस्पर दवाखान्याला पैसे देते, एवढाच त्याचा अर्थ. आणि तेही कंपनीने आधी मंजुरी दिली असेल तर. काउंटरवरच्या माणसाने 'चालेल' म्हणणे ही मंजुरी नव्हे.

दातांच्या बाबतीत हा घोटाळा इतर आजारांपेक्षा जास्त होतो, त्याला कारण आहे. आपल्याकडचा आरोग्य विमा बहुतांशी रुग्णालयात दाखल होण्यावर उभारलेला आहे. दातांचे नेहमीचे काम मात्र खुर्चीत बसून होते आणि तासाभरात माणूस घरी जातो. १ एप्रिल २०२० पासून सुरू झालेली 'आरोग्य संजीवनी' नावाची साधी पॉलिसी घ्या. तिच्यात आजारामुळे किंवा इजेमुळे करावा लागणारा दातांचा उपचार धरलेला आहे. पण तोही रुग्णालयात दाखल होऊन करावा लागला तर. पुष्कळशा इतर पॉलिसींत अपघाताची अट आणखी वर असते. काही पॉलिसींत बाहेरच्या उपचारांसाठी वेगळी रक्कम ठेवून दातांचा खर्च दिलाही जातो. पण ते त्या पॉलिसीत लिहिलेले असावे लागते.

आणि हे काही केवळ आपल्याकडेच घडते असे नाही. ब्रिटनमध्ये १९४८ साली सरकारी आरोग्यसेवा सुरू झाली तेव्हा दातांचा उपचार आणि कवळीसुद्धा मोफत होती. पण कवळ्यांची मागणी एवढी वाढली की, १९५१ मध्ये कवळी आणि चष्म्यासाठी पैसे आकारण्याचे ठरले. त्या प्रश्नावर ही सेवा उभी करणारे मंत्री अन्यूरिन बेव्हन यांनी राजीनामा दिला. पुढच्याच वर्षी दातांच्या उपचारालाही आकार लागला. तात्पर्य, खर्चाला कात्री लावायची वेळ आली की दात आधी सापडतात, हा अनुभव जुना आहे.

आता नाण्याची दुसरी बाजू पाहू. प्रत्येक 'नाही' खरी असते असे मात्र समजू नका. आमच्या भागातील एका कुटुंबाची हकीकत सांगतो. कर्ता पुरुष मोटारसायकलवरून पडला आणि खालचा जबडा मोडला. शहरातल्या एका रुग्णालयात नेले. काउंटरवर सांगण्यात आले, "दातांचे काम योजनेत बसत नाही. साठ हजारांची तयारी करा." बाईने गळ्यातले डोरले काढून पदराच्या गाठीला बांधले आणि गहाण टाकायला निघाली. सुदैवाने गावच्या शाळेतले गुरुजी बरोबर होते. ते म्हणाले, "वहिनी, जरा थांबा." त्यांनी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या १५५३८८ या क्रमांकावर फोन लावून विचारले. रूट कॅनाल वेगळे आणि मोडलेला जबडा वेगळा. जबड्याच्या हाडाची शस्त्रक्रिया योजनेत होती आणि ते रुग्णालयही योजनेच्या यादीत होते. तिथल्या आरोग्यमित्राला गाठले, रेशनकार्ड आणि आधारकार्ड दाखवले, आणि शस्त्रक्रिया एक पैसाही न भरता झाली. डोरले पुन्हा गळ्यात गेले.

ही योजना २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी या नावाने ८ जिल्ह्यांत सुरू झाली आणि २०१३ मध्ये राज्यभर पसरली. २०१७ मध्ये तिला महात्मा फुल्यांचे नाव मिळाले. २८ जुलै २०२३ च्या शासननिर्णयाने ती राज्यातल्या सर्व कुटुंबांना खुली करून दर कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण ठरवण्यात आले. दातात सिमेंट भरणे, कॅप, कवळी असले रोजचे काम या योजनेचे नव्हे. पण जबड्याचा अस्थिभंग, तोंडाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया यांसारखे मोठे उपचार तिच्यात येतात. तेव्हा 'दातांचे आहे, म्हणजे मिळणार नाही' अशी स्वतःची समजूत करून घेऊ नका, आणि 'कार्ड आहे, म्हणजे मिळणारच' अशीही करून घेऊ नका. दोन्ही समजुती महागात पडतात.

मग करावे काय? मी ठेच खाल्ली, ती आपल्याला लागू नये म्हणून थोडे व्यवहाराचे सांगतो.

दुखणे जीवघेणे नसेल तर खुर्चीत बसण्याआधी तीन गोष्टी करा. पहिली, डॉक्टरांकडून खर्चाचा अंदाज कागदावर लिहून घ्या. कोणता दात, कोणते काम, किती खेपा, कॅप कशाची आणि तिची किंमत काय. चांगला डॉक्टर यात कमीपणा मानत नाही. दुसरी, तो कागद विमा कंपनीकडे पाठवून लेखी उत्तर मागा. तोंडी 'चालेल'वर विसंबू नका. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची, स्वतःला विचारा: उद्या कंपनीने एक पैसाही दिला नाही तर हे बिल मला झेपेल का? झेपणार नसेल तर तसे डॉक्टरांना आधीच सांगा. एका दाताला पुष्कळदा एकाहून अधिक मार्ग असतात. आज दुखणे थांबवून कॅप दोन महिन्यांनी बसवता येईल का, हे ते सांगू शकतात. शिवाय १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत, ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयांत तपासणी व उपचार मोफत झालेले आहेत. तिथे दातांचे डॉक्टर आहेत का, कोणत्या वारी असतात, हे आधी विचारून पाहण्यात लाज कसली?

पॉलिसी इंग्रजीत असते, समजत नाही, ही तक्रार खरी आहे. पण १ जानेवारी २०२४ पासून कंपन्यांनी पॉलिसीची मुख्य माहिती एका सुटसुटीत पत्रकात द्यावयाची आहे, आणि ग्राहकाने मागितल्यास ते पत्रक स्थानिक भाषेत द्यावयाचे आहे. म्हणजे मराठीत मागण्याचा आपल्याला हक्क आहे. त्यात काय मिळणार याच्या शेजारीच काय मिळणार नाही हेही दिलेले असते. ते दुसरे आधी वाचा. आपण बैल घेताना आधी दात पाहतो, शिंगांचा रंग मागाहून. तसेच हे.

इतके करूनही दावा नामंजूर झाला तर? तर डॉक्टरांशी भांडू नका. माझ्यासारखे तर मुळीच नाही. त्यांना जाऊन सांगा की, "बिल माझे आहे, ते मी देणार आहे, हप्ते पाडून द्या." ज्याने आपले दुखणे थांबवले त्याच्या दारात मान खाली घालून जाण्यापेक्षा महिन्याला थोडे देऊन मान वर ठेवणे बरे. मी चार महिन्यांत ४,४०० रुपयांप्रमाणे पैसे फेडले. त्या डॉक्टरांकडे आजही मी जातो, आणि तेही हसून बसवतात.

बिल आपले, याचा अर्थ कसलेही बिल आपले असा मात्र नाही. जे काम सांगितले नव्हते, ज्याला आपण होकार दिला नव्हता, त्याचे पैसे लावले असतील तर तपशीलवार बिल मागा आणि जाब विचारा. विम्याची खोटी हमी मुद्दाम देऊन कोणी खर्चात पाडले असेल तर तीही तक्रारीचीच गोष्ट आहे. मोठ्या रुग्णालयांच्या बाबतीत राज्यात २०२१ साली केलेल्या नियमांनुसार दरपत्रक लावावे लागते, आणि बिल थकले म्हणून रुग्णाला अडकवून ठेवता येत नाही. १९९५ सालच्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने असेही स्पष्ट केले आहे की, उपचाराचे पैसे विमा कंपनीने भरले तरी ग्राहक म्हणून दाद मागण्याचा हक्क रुग्णालाच आहे. म्हणजे पाहा, जबाबदारी आपली तसा हक्कही आपलाच. एक घ्यायचे आणि दुसरे टाकायचे, असे होत नाही.

कंपनीची 'नाही' चुकीची वाटत असेल तर प्रथम कंपनीच्याच तक्रार अधिकाऱ्याला लेखी कळवा. पत्राची नक्कल आणि पोच जपून ठेवा. एका महिन्यात उत्तर आले नाही किंवा समाधान झाले नाही, तर विमा लोकपालाकडे अर्ज करा. आपला जिल्हा पुण्याच्या लोकपाल कार्यालयाकडे येतो. तिथे फी नाही आणि वकीलही लागत नाही. ५० लाखांपर्यंतची प्रकरणे तिथे चालतात, आणि लोकपालाचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो. मात्र कंपनीच्या नकारानंतर एका वर्षाच्या आत अर्ज केला पाहिजे. याशिवाय जिल्हा ग्राहक आयोगाचा दरवाजा आहेच.

पण भांडण्याआधी पॉलिसी वाचा, हे पुन्हा सांगतो. मी वाचली तेव्हा मला कळले की, माझ्या बाबतीत कंपनीचे म्हणणे अटीला धरून होते. तिथे भांडण्यात अर्थ नव्हता. त्या जबडा मोडलेल्या गृहस्थाच्या बाबतीत मात्र काउंटरवरचे म्हणणे चूक होते. तिथे मुकाट्याने पैसे भरले असते तर डोरले गेले असते. कुठे देणे मान्य करायचे आणि कुठे हक्क मागायचा, हा विवेक कागद वाचल्यावाचून येत नाही.

शेवटी शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती. गावात कागद वाचता येणारा, फोन लावून नीट विचारता येणारा माणूस म्हणून लोक आजही आपल्याकडे पाहतात. महिन्यातून एकदा शाळेत पालक जमतात, तेव्हा दहा मिनिटे योजनेचे कार्ड, विम्याचे पत्रक, यांविषयी बोलावे. आणि मुलांकडे पाहावे. २०१३ साली पालघरला सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात शाळेत येणाऱ्या पथकाने मुलांचे दातही तपासावयाचे असतात. पथक येईल त्या दिवशी एकही मूल गैरहजर राहू नये एवढे आपण पाहिले, तर पुष्कळ दाढा वेळीच वाचतील. कीड लहान असते तेव्हा खर्चही लहान असतो. मी गाल सुजेपर्यंत थांबलो नसतो, तर माझे काम कदाचित सिमेंटवर भागले असते आणि हे भाषण करण्याची वेळही आली नसती.

आमचे थोरले बंधू परवा स्वतःच दात दाखवायला गेले. परत आल्यावर मी विचारले, "काय म्हणाले डॉक्टर?" त्यांनी खिशातून घडी घातलेला कागद काढून माझ्यापुढे धरला. त्यावर दोन दातांचा खर्च आकड्यांत लिहिलेला होता. म्हणाले, "आधी लिहून घेतलं. सोयाबीन इकल्यावर बसतो म्हणालो." मला वाटते, आमच्या घरात या विषयाचा खरा प्राध्यापक तोच.